दोन शिलिंग आठ पेन्स

ऑक्सफर्डमध्ये ग्रीक आणि लॅटिन कोळून प्यालेला एक गृहस्थ गुडघ्याएवढ्या बाकावर अंग चोरून बसला आहे. समोर शेतमजुराचं सात वर्षांचं पोर उभं आहे. मांजर, उंदीर आणि चटई यांच्यापलीकडे न जाणारी तीन वाक्यं ते पोर वाचतंय आणि गृहस्थाचे कान तिकडे लागले आहेत. पोर उंदरापाशी अडखळतं. गृहस्थ ओठांवरचं हसू तसंच ठेवतो आणि मांडीवरच्या तक्त्यात एक बारीक खूण करतो. मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मास्तरला ती खूण दिसत नाही, पण पेन्सिल हललेली दिसते. शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स गेले.

हा गृहस्थ म्हणजे हर मॅजेस्टीज इन्स्पेक्टर ऑफ स्कूल्स. मास्तरमंडळी त्याला तीन अक्षरांत आटोपतात, एच.एम.आय. मी साहेबच म्हणतो. तो शब्द ऐकला की घड्याळाची साखळी आणि पोटात उठणारा गोळा या दोन्ही गोष्टी मराठी माणसाला आपोआप आठवतात, जास्त वर्णन करावं लागत नाही.

साहेब जन्मापासून असा नव्हता. 1833 साली पार्लमेंटनं गरिबांच्या शाळांच्या इमारतींसाठी वीस हजार पौंड दिले. पैसे दिले की ते कुठे गेले हे बघायला माणूस लागतो, म्हणून 1839 मध्ये दोन इन्स्पेक्टर नेमले गेले. सुरुवातीचा साहेब चार गोष्टी सांगणारा होता. खिडक्या मोठ्या करा, पोरांना फळ्याजवळ बसवा, असं काहीबाही सुचवून चहा पिऊन जायचा. मास्तर त्याची वाट बघत. नंतर शाळा वाढल्या, साहेब वाढले, खर्च वाढला. 1861 मध्ये न्यूकॅसल आयोगाचा अहवाल आला आणि त्यात असं निघालं की मास्तर वरच्या वर्गातली चार हुशार पोरं मिरवतात आणि खालच्या पोरांना साधं वाचताही येत नाही. तेव्हा शिक्षणखात्याची सूत्रं होती रॉबर्ट लो या हुशार, फटकळ माणसाकडे. परीक्षेच्या निकालावर अनुदान द्यायची नवी पद्धत स्वस्त पडली नाही तर कार्यक्षम निघेल आणि कार्यक्षम निघाली नाही तर स्वस्त तरी पडेल, असा भरवसा त्यानं पार्लमेंटला दिला आणि 1862 ची सुधारित नियमावली आणली. पद्धत स्वस्त पडली. आठ लाख पौंडांवर गेलेलं अनुदान चार वर्षांत साडेसहा लाखांच्या खाली आलं.

या नियमावलीत पोरांचे भाव ठरवून दिले होते. सरासरी हजेरीच्या दर डोक्यामागे चार शिलिंग. शिवाय ज्या पोरानं वर्षात दोनशेहून जास्त वेळा हजेरी लावली असेल त्यानं वाचन, लेखन आणि गणित या तिन्हींत साहेबांसमोर पास होऊन दाखवलं तर आणखी आठ शिलिंग. एका विषयात नापास झालं की त्यातले दोन शिलिंग आठ पेन्स वजा. सहा वर्षांखालच्या पोराचे सहा शिलिंग सहा पेन्स, आणि त्याची परीक्षा नाही. मूळ मसुद्यात या चिमुरड्यांचीही परीक्षा होती, पण पाळण्यातून उतरलेल्या पोराला प्रश्न विचारायचे म्हटल्यावर एवढी आरडाओरड झाली की ते कलम गाळावं लागलं. तात्पर्य, सहावा वाढदिवस होईपर्यंत पोर म्हणजे शाळेची पक्की मिळकत, त्यानंतर जोखीम. पुष्कळ ठिकाणी मास्तरचा पगारच या अनुदानाच्या हिश्श्यावर ठरे. त्यामुळे पट वाचताना त्याला नावं दिसत नसत, रकमा दिसत.

आता साहेबांचं बालपण बघू, कारण खरी गंमत तिथे आहे.

साहेब एखाद्या पाद्र्याचा नाहीतर वकिलाचा मुलगा. आठव्या वर्षी आईच्या कुशीतून उचलून त्याला बोर्डिंगात टाकलेलं. तिथून ईटन, हॅरो, विंचेस्टर किंवा रग्बी. सकाळी थंड पाण्याची आंघोळ, दुपारी लॅटिन पद्यरचना, संध्याकाळी छड्या. मधल्या वेळात वरच्या वर्गातल्या दादाचे बूट पुसायचे, त्याच्यासाठी पाव भाजायचा आणि पाव करपला की त्याचाही मार खायचा. याला ते लोक चारित्र्याची जडणघडण म्हणत. गणिताचं म्हणाल तर ईटनमध्ये गणित हा रीतसर विषय झाला तो 1851 साली. त्याआधी शिकून गेलेल्या साहेबाला भागाकार येत असेल तर ती त्याची खासगी हौस. हाच साहेब आता नांगरक्याच्या पोराला पौंड-शिलिंग-पेन्सांच्या भागाकारात नापास करायला निघालेला असतो. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, त्यात अर्ध्या आणि पाव पेन्साची भर. असले हिशेब पोरानं पाटीवर सोडवायचे आणि साहेबांनी मागच्या बाजूला छापलेलं उत्तर बघून ताडायचे.

साहेबांच्या बहिणी मात्र घरीच. त्यांना एक गव्हर्नेस. ती बिचारी स्वतः पडत्या घरातली, जेवायला घरच्यांबरोबर बसावं की नोकरांबरोबर या पेचात आयुष्य काढणारी. तिनं शिकवायचं फ्रेंच, पियानो, जलरंग आणि पृथ्वीगोलावर वसाहती दाखवणं. मुलीनं याहून जास्त शिकलं तर तिच्या डोक्यावर ताण येतो, असं चांगले चांगले डॉक्टर गंभीरपणे सांगत. लंडनमध्ये फ्रान्सिस बस यांनी 1850 मध्ये मुलींची शाळा काढली आणि डोरोथिया बील 1858 मध्ये चेल्टनहॅमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, तेव्हापासून हे चित्र हलायला लागलं. केंब्रिजनं शालेय परीक्षा मुलींना रीतसर खुल्या केल्या त्या 1865 मध्ये. साहेबांच्या बहिणी तोवर लग्न होऊन गेल्या होत्या किंवा लग्न न होता राहिल्या होत्या.

बड्यांच्या शाळांची चौकशी झालीच नाही असं नाही. लो यांची नियमावली शिजत होती त्याच सुमाराला, 1861 ते 1864 या काळात, क्लॅरेंडन आयोगानं नऊ नामवंत शाळा तपासल्या. वर्षानुवर्षं लॅटिन घोकूनही लॅटिन न आलेले पुष्कळ तरुण तिथे सापडले. आयोगानं दुःख व्यक्त केलं, सूचना केल्या. पण लॉर्डाच्या मुलाच्या चुकीपोटी कुणाचे तरी दोन शिलिंग आठ पेन्स कापावेत ही कल्पना एकाही सदस्याला सुचली नाही.

साहेब येण्याचा दिवस आधी कळवलेला असे. तो दिवस जवळ आला की गावातली शाळा मुलगी बघायला मंडळी येणार असलेल्या घरासारखी होई. भिंतींना चुना, खिडक्यांना पुसणं, वर्षभर कपाटात पडलेले नकाशे एकदम भिंतीवर. आयांना निरोप जात, पोरांना आंघोळ घालून पाठवा, केस विंचरा, ज्यांना बूट नसतील त्यांनी शेजारच्यांचे मागा. आजारी पोरांना शालीत गुंडाळून परीक्षेपुरतं आणून बसवल्याच्या हकिगती आहेत. पोराला ताप असला तरी आठ शिलिंगांना ताप नसतो. उलट नक्की नापास होणारं पोर त्या दिवशी आलं नाही तर मास्तर त्याच्या आईचे मनातल्या मनात आभार मानी.

हजेरीचं रडगाणं वर्षभर चाले. केंटमध्ये हॉप्सच्या तोडणीला अख्खी कुटुंबं मळ्यावर मुक्कामाला जात. इतरत्र बटाटे काढणं, कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणं, पिकावरचे पक्षी हाकलणं. या कामाचे पोराला पेन्स मिळत आणि शाळेला उलट आठवड्याला पेनी-दोन पेनी द्यावी लागे. फी माफ व्हायला 1891 उजाडलं. गिरणीच्या गावात तर अर्धवेळची पोरं. अर्धा दिवस यंत्रावर, अर्धा दिवस बाकावर. बाकावरच्या अर्ध्या दिवसात ती झोपत, आणि त्यांना उठवायला कुठल्याही दयाळू मास्तरचा हात धजत नसे. धजे तो परीक्षेच्या महिन्यात.

साहेब आगगाडीनं येतो, स्टेशनवरून घोडागाडी. गाडी थांबते पाद्र्याच्या घरापाशी, कारण शाळा बहुधा चर्चची आणि पाद्री तिचा कारभारी. तिथे ग्लासभर शेरी, हवामान, कॉलेजातल्या समाईक मित्रांची चौकशी. दोघेही एकाच विद्यापीठाचे निघतात. ते न निघाले तर दोघांच्या बायका कुठेतरी चुलतबहिणी निघतात. जेवण एक वाजता. तोवर पटावरच्या सगळ्या पोरांचं वाचन, श्रुतलेखन आणि गणित उरकायचं. साहेब घड्याळ बघतो आणि शाळेकडे चालू लागतो.

सोबत एक असिस्टंट असतो. हा माणूस चित्राच्या कडेला उभा असतो, पण त्याच्याकडे लक्ष द्या. तो स्वतः असल्याच शाळेत शिकलेला. तेराव्या वर्षी पोरगेला मास्तर म्हणून पाच वर्षांच्या करारावर लागलेला, दिवसा शिकवून रात्री शिकलेला, मग ट्रेनिंग कॉलेज, मग मास्तर आणि मग खात्यात. पाट्या तोच तपासतो. पोर खाली मान घालून बोटं मोजतंय हे त्याला पाठीमागूनही कळतं, कारण त्यानंही मोजलेली असतात. शाळेत काय चाललंय हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. साहेब व्हायचं मात्र त्याच्या नशिबी सहसा नसे. त्यासाठी लॅटिन लागे.

वाचन सुरू होतं. पहिल्या इयत्तेला सोपे, एकेका उच्चाराचे शब्द. सहाव्या इयत्तेला वर्तमानपत्रातला परिच्छेद. मधल्या इयत्ता अशाच पायरीपायरीनं चढत गेलेल्या. शाळेत वाचनाचं पुस्तक एकच, ते वर्षभर घोकलेलं, त्यामुळे पोर पुस्तकाकडे न बघता धडाधडा वाचतं. पुस्तक उलटं धरून सुलट वाचणाऱ्या पोरांच्या गोष्टी त्या काळी साहेबलोक एकमेकांना जेवणावर सांगत. साहेबाला हे सगळं समजत असतं. तो मधलंच पान उघडतो, मधल्याच ओळीवर बोट ठेवतो. पोर त्या बोटाकडे बघतं, मग साहेबाच्या अंगठीकडे, मग मास्तरकडे, आणि पुस्तकाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करतं. साहेब धीर धरतो. कधीतरी आपलं बोट जिथे आहे तिथे पोर येऊन पोहोचेल, एवढा त्याला विश्वास असतो.

श्रुतलेखनात साहेबाची जीभ आडवी येते. त्याचं इंग्रजी ऑक्सफर्डचं, ओठ न हलवता बोललेलं. समोरची पोरं सॉमरसेटची किंवा यॉर्कशरची. त्यांच्या घरातल्या इंग्रजीत ‘ह’ गळालेला, ‘स’चा ‘झ’ झालेला, स्वर भलतीकडेच गेलेले. साहेब एक वाक्य उच्चारतो, पोरं जे ऐकू आलं ते लिहितात, आणि त्या दोन्हींचा संबंध लावताना असिस्टंटला घाम फुटतो. इंग्रजीच्या राज्यात इंग्रज पोरं इंग्रजीत नापास होत होती, हे वाचून आपल्याकडच्या मॅट्रिकच्या जुन्या वारकऱ्यांना थोडं बरं वाटायला हरकत नाही.

गणिताच्या वेळी मास्तरला खोकला सुटतो. हा खोकला अभ्यासाचा विषय आहे. एका खोकल्याला बेरीज, दोन खोकल्यांना वजाबाकी, खिशात हात गेला तर भागाकार, अशी काहीशी सांकेतिक भाषा शाळाशाळांत ठरलेली असल्याचं जुने लोक सांगत. साहेब पाठमोरा उभा राहून खिडकीबाहेरची झाडं न्याहाळतो. का? कारण तो वाईट माणूस नाही. या शाळेचे आणखी पाच-दहा पौंड कापले तर मास्तरची बायको हिवाळ्यात काय जाळेल हे त्याला कळतं. म्हणून तो एका डोळ्यानं परीक्षा घेतो आणि दुसऱ्यानं झाडं बघतो. आपण फसवले जातोय हे त्याला माहीत असतं, आणि त्याला माहीत आहे हे मास्तरला माहीत असतं. फक्त पोरांना वाटतं की हे सगळं खरं चाललंय.

आतापर्यंत मी पोर, पोर म्हणत आलो. पोरी कुठे गेल्या?

पोरी शिवत होत्या. त्या काळच्या कित्येक शाळांच्या इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यांच्या दोन दारांवर दगडात कोरलेलं आहे, इकडून मुलगे, तिकडून मुली. आत गेल्यावर वाचन-लेखन-गणित दोघांनाही तेच, पण मुलींना शिवण शिकवलं जात नसेल तर शाळेला अनुदान नाही, अशी अट होती. त्यामुळे दुपारी मुलगे गणितं करत बसत आणि मुली धावदोरा, हातशिलाई, काज, रफू. शिकवायला बहुधा मास्तरची बायको, कारण एका पगारात दोन माणसं मिळाली तर कारभाऱ्यांना हवीच असतात. मुलींचा बराचसा वेळ सुईत जातो हे खात्यालाही कळत होतं, म्हणून गणित तपासताना मुलींशी जरा नरमाईनं घ्यावं अशी समजूत होती. मुलीला आधी गणित शिकवायचं नाही, मग तिला गणित येत नाही म्हणून तिच्यावर दया करायची, आणि त्या दयेच्या आधारावर पुढे डॉक्टरांनी म्हणायचं की मुलींना गणित जमतच नाही. एवढा सफाईदार भागाकार त्या शाळेत दुसरा कुणी करत नसे.

शिवण तपासायचं कुणी? साहेबांनीच. ज्याला स्वतःचं तुटलेलं बटण लावता येत नाही, ज्याच्या बोर्डिंगात ते काम मेट्रन करी, कॉलेजात नोकर करी आणि आता बायको करते, त्या साहेबापुढे टेबलावर शिवणाचे नमुने मांडले जातात. बघायला आलेल्या मंडळींपुढे आपल्याकडे मुलीनं विणलेले रुमाल आणि ताटांवरची झाकणं मांडत, तशीच ही मांडणी, फक्त इथे बघणारा पसंती न कळवता पैसे कळवणार असतो. साहेब चष्मा सावरतो. एक कपडा उचलतो. तो शर्ट आहे अशी त्याची समजूत असते. उलगडल्यावर लक्षात येतं की हा शर्ट नसून स्त्रियांनी सगळ्यांत आत घालायचा प्रकार आहे. खोलीत पाद्री आहे, पाद्र्याची बायको आहे, पंधरा-वीस मुली आहेत, आणि राणीचा प्रतिनिधी ते वस्त्र दोन्ही हातांत उंच धरून उभा आहे. ज्या देशात उच्चभ्रू बैठकीत पाय हा शब्दसुद्धा जपून काढत, त्या देशात! पाद्रीणबाई घाईघाईनं पुढे येऊन ‘काज पाहा ना, किती नेटकं घातलंय!’ म्हणतात. कपड्याला काज कुठे आहे हे न शोधता साहेब तो घडी न करताच ठेवून देतो आणि लिहितो, ‘शिवण अतिशय समाधानकारक.’

अशी समाधानकारक वीस वर्षं गेली. 1883 मध्ये खात्यानं शिवणकामाकडे बघायला एक बाई नेमल्या. मुलींच्या शाळांत बाई इन्स्पेक्टर पाठवाव्यात हे सुचायला 1896 उजाडलं, आणि तेव्हाही सब-इन्स्पेक्टर म्हणून. दरम्यान मुलींसाठी घरकाम हा विषय आला आणि 1882 पासून स्वयंपाकाच्या वर्गालाही अनुदान मिळायला लागलं, डोक्यामागे चार शिलिंग. मुलांसाठी रेखाचित्रं. दारं दोन होती ती उगीच नव्हती.

या सगळ्या साहेबांतला सर्वांत प्रसिद्ध म्हणजे मॅथ्यू अर्नल्ड. बाप रग्बीचा हेडमास्तर, स्वतः कवी. 1851 मध्ये लग्न करायचं होतं, लग्नाला पगार लागतो, म्हणून इन्स्पेक्टर झाला आणि पस्तीस वर्षं गाड्या बदलत फिरला. यातली दहा वर्षं तो ऑक्सफर्डला काव्याचा प्राध्यापकही होता. म्हणजे ऑक्सफर्डला होमरवर व्याख्यान द्यायचं आणि परतल्यावर कुठल्या तरी गल्लीतल्या शाळेत मांजर-उंदीर ऐकायचे. त्यानं लो यांच्या नियमावलीवर 1862 मध्येच एक निनावी लेख लिहून कोरडे ओढले. पुढे आपल्या सरकारी अहवालांतही तो लिहीत राहिला की या पद्धतीत पोर परीक्षा पास होतं आणि तरी त्याला खरं वाचता-लिहिता येत नाही. इन्स्पेक्टरांनी असं काही लिहू नये अशी खात्याची इच्छा असे. न पटणारी वाक्यं अहवालातून गाळली जातात असा आरोप 1864 मध्ये पार्लमेंटात झाला, ठराव लो यांच्या विरुद्ध गेला आणि त्यांनी राजीनामा दिला. नंतर चौकशी समितीनं त्यांना निर्दोष ठरवलं. त्यांची नियमावली मात्र खुर्चीवर तशीच बसून राहिली.

अर्नल्डचा धाकटा भाऊ विल्यम पंजाबात शिक्षणखात्याचा पहिला प्रमुख होता. म्हणजे हे घराणंच इन्स्पेक्टरांचं, आणि बोट आपल्याकडेही लागलेली. मुंबई इलाख्यात खासगी शाळांना निकालावर पैसे देण्याची हीच पद्धत 1860 च्या दशकात आली. साहेबाचा मराठी अवतार म्हणजे डिपोटी, अर्थात डेप्युटी इन्स्पेक्टर. पागोटं, उपरणं, छत्री आणि इंग्लंडातल्यासारखाच तक्ता. ते येणार म्हटल्यावर शेणानं सारवलेली जमीन आणि पंतोजींचा घसा या दोन्हींना सारखीच कोरड पडे. ही पद्धत इथल्या गोरगरिबांच्या शिक्षणाला मुळीच लागू पडणारी नाही, असं 1882 मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी लिहून दिलं. ज्या लोकांत अजून शिक्षणाची गोडीच निर्माण झालेली नाही तिथे निकालावर जगणारा मास्तर टिकणार कसा, हा त्यांचा रोख. ऑक्सफर्डच्या कवीनं आणि पुण्याच्या जोतीरावांनी वीस वर्षांच्या अंतरानं एकाच तक्त्यावर बोट ठेवावं, आणि दोघांचंही कुणी फारसं ऐकू नये, यात साम्राज्याची एकात्मता दिसते.

पण तिकडे इंग्लंडातल्या आपल्या शाळेत परीक्षेचा दिवस अजून संपलेला नाही. साहेब जेवून येतो, शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी देतो आणि पोरांच्या जयजयकारात गाडीत बसतो. नापास झालेली पोरंच जास्त ओरडतात, कारण त्यांना सुट्टी कळते, शिलिंग कळत नाहीत. काही आठवड्यांनी अहवाल येतो. त्याचा गोषवारा मास्तर शाळेच्या रोजवहीत स्वतःच्या हातानं उतरवतो. ‘वाचन यंत्रवत. गणित दुबळं. शिवण अतिशय समाधानकारक.’ या वहीत मास्तरनं रोज एक तरी नोंद करायची, पण सर्वसाधारण मतं आणि विचार लिहायचे नाहीत, असा नियमच होता. त्यामुळे आपल्याविषयी लिहिलेलं उतरवून झाल्यावर मास्तर खाली एवढंच लिहितो की पाऊस, हजेरी कमी.

आणि ज्या पोरांसाठी हे सगळं चाललं होतं त्यांना काय मिळे? 1870 च्या कायद्यानं शाळा जागोजागी निघाल्या, 1880 मध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. दहानंतरच्या पोरानं गावच्या नियमात ठरलेली इयत्ता पास केली की त्याला शाळेतून सुटका. म्हणजे पोर हुशार निघालं तर बक्षीस म्हणून त्याला शाळेबाहेर काढून शेतावर किंवा गिरणीत धाडायचं, आणि ढ निघालं तर शाळेतच ठेवून आणखी शिकवायचं. ढ पोरांच्या बापांनी तक्रार केली असावी, कारण त्यांच्यासाठीही सोय होती. पाच वर्षं दरवर्षी अडीचशे हजेऱ्या नीट भरल्या तर काही न येताही सुटता येई. या दाखल्याला लोक उघड उघड ‘ढ पास’ म्हणत. इतकं प्रामाणिक नाव नंतरच्या कुठल्याही परीक्षेला मिळालेलं नाही.

1890 पासून ही पद्धत ढिली होत गेली आणि शतक संपायच्या आत गेली. साहेबाच्या मांडीवरचा तक्ता काढून घेतला गेला. आता त्यानं शाळेत जाऊन नुसतं बघायचं होतं, बोलायचं होतं, पोरांना काय आवडतं ते विचारायचं होतं. पण मास्तर त्याला दारात बघितल्याबरोबर खोकायलाच लागे. तीस वर्षांची सवय.

मग साहेब निवृत्त झाला आणि निवृत्त इंग्रज जे करतो ते त्यानं केलं. आठवणी लिहिल्या. स्नीड-किनर्स्ली नावाच्या एका साहेबांचं ‘एच.एम.आय.’ हे पुस्तक 1908 साली आलं, आणि इतरांनीही आपापली लिहिली. माणसं मजेदार लिहितात. पाद्री, घोडागाड्या, पाऊस, आणि पोरांनी दिलेली एकेक अजब उत्तरं. ती उत्तरं वाचून हसू आवरत नाही. मी मात्र वाचताना समासात पेन्सिलीनं वजाबाकी करत जातो. हे वाचनातलं, गेले दोन शिलिंग आठ पेन्स. हे श्रुतलेखनातलं, आणखी दोन शिलिंग आठ पेन्स. मास्तरचा हिवाळ्याचा कोळसा दुसऱ्या प्रकरणातच संपतो, आणि साहेबांची प्रकरणं पुष्कळ आहेत.